रिकामी दिसणारी जागा

सार्वजनिक जागा सर्वांची असते, असे आपण सहज म्हणतो. रस्ता, रेल्वे स्थानक, रुग्णालय, बाजार यांवर कोणा एकाची मालकी नसते. तरीही या सर्वांच्या जागेत काही कोपरे विशिष्ट लोकांसाठी राखून ठेवलेले असतात. वाहनतळावरील निळी पाटी हे त्याचे एक उदाहरण. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेली चाकाची खुर्ची आणि तीत बसलेली व्यक्ती हे चित्र आपल्या परिचयाचे झाले आहे. १९६८ मध्ये सुसान कोफोएड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने या चिन्हाचा आराखडा तयार केला. मूळ चित्रात केवळ खुर्ची होती. माणसाचे डोके त्यात नंतर घालण्यात आले. पुढे हे चिन्ह जगभर स्वीकारले गेले आणि आज निरक्षर माणसालाही त्याचा अर्थ कळतो. असे असूनही त्या पाटीखालच्या चार हात जागेवरून ठिकठिकाणी वाद होतात. ती जागा कोणी वापरावी, आणि ते कोणी ठरवावे, हे त्या वादांतील दोन प्रश्न आहेत. या लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

प्रश्न नीट समजण्यासाठी एखादे खरे ठिकाण डोळ्यांसमोर असणे बरे. म्हणून चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम हे उपनगर घेऊ. १९३१ मध्ये चेन्नई बीच ते तांबरम या मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि तेव्हापासून तांबरम हे उपनगरी वाहतुकीचे मोठे केंद्र बनले. २०२१ मध्ये आसपासच्या वस्त्यांसह तेथे स्वतंत्र महानगरपालिका स्थापन झाली. सकाळच्या वेळी अशा स्थानकावर जे घडते, ते ठाणे, कल्याण किंवा पुणे येथील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. हजारो माणसे दुचाकीवरून येतात, मिळेल त्या फटीत गाडी घुसवतात आणि धावत गाडी पकडतात. अशा गर्दीत एखादी मोकळी, आखलेली जागा दिसली की घाईत असलेल्या माणसाचे मन चाळवते. तमिळनाडूत दिव्यांग व्यक्तीसाठी ‘माट्रुत्तिरनाळी’ म्हणजे ‘वेगळी क्षमता असलेला’ असा आदराचा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला आहे. परंतु शब्द बदलला म्हणून फलाटावर पोहोचण्याची घाई कमी होत नाही.

अशी जागा अडवणाऱ्यांची उत्तरे सर्वत्र सारखीच असतात. एक म्हणतो, “पाच मिनिटांत येतो.” दुसरा म्हणतो, “ही जागा तर नेहमी रिकामीच असते.” तिसरा म्हणतो, “कोणी आला, तर काढीन की गाडी.” ही उत्तरे वरवर समंजस वाटतात, परंतु त्यांचा विचार केला म्हणजे त्यांतील दोष दिसू लागतो. अग्निशामक दलाचा बंब दिवसाचे कितीतरी तास नुसता उभा असतो. म्हणून त्यातून कोणी विटा वाहून नेत नाही. तो उभा असतो तेव्हाही आपले काम करीतच असतो, कारण गरज लागेल त्या क्षणी तो हाताशी असला पाहिजे. राखीव जागेचेही तसेच आहे. ती मोकळी आहे याचाच अर्थ ती आपले काम बजावीत आहे. “कोणी आला, तर काढीन” असे म्हणणारा माणूस त्या क्षणी गाडीत बसून पुढच्या स्थानकावर पोहोचलेला असतो. ज्याच्यासाठी जागा राखली होती, त्याने मग काय करावे? गाडी लांब लावून चालता येत नाही, आणि दुसऱ्याची गाडी ओढून बाजूला करण्याचे बळ नाही. तो घरी परततो. त्या दिवसाची मजुरी, परीक्षा किंवा डॉक्टरची ठरलेली भेट हुकते. आपली पाच मिनिटे वाचली, तर दुसऱ्याचा पूर्ण दिवस जातो, असा हा हिशेब आहे.

राखीव जागा प्रवेशद्वाराजवळ आणि रुंद का ठेवतात, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या देशातील बांधकामविषयक आदर्श नियमांनुसार अशा जागेची रुंदी किमान ३.६ मीटर असावी आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ती ३० मीटरपेक्षा अधिक दूर नसावी. साध्या मोटारीसाठी साधारणपणे अडीच मीटर रुंदी पुरते. मग वरचे मीटरभर अंतर कशासाठी? मोटारीचे दार पूर्ण उघडून, शेजारी चाकाची खुर्ची उभी करून, त्या खुर्चीत सरकता यावे यासाठी. ज्याने हे कधी केलेले नाही, त्याला ती रुंदी उधळपट्टी वाटते. ज्याला रोज करावे लागते, त्याच्यासाठी ती रुंदी म्हणजे मोटारीतून बाहेर पडता येणे आणि न येणे यांतील फरक असतो. म्हणूनच राखीव जागेच्या कडेच्या पट्ट्यात एखादी दुचाकी ‘जरा तिरकी’ लावली, तरी ती संपूर्ण जागा निरुपयोगी होते.

येथे आपल्या देशाची एक विशेष गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा मोटार असते. आपल्याकडील फार मोठ्या संख्येने दिव्यांग व्यक्ती मात्र मागे दोन्ही बाजूंना जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून ये-जा करतात. तमिळनाडू शासन पात्र व्यक्तींना अशा स्कूटर देत आले आहे. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु त्यापूर्वी बालपणी ज्यांच्या पायांतील शक्ती गेली, ती पिढी आज कमावत्या वयाची आहे आणि याच स्कूटरवर तिचे पोट अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते. जादा चाकांची स्कूटर साध्या स्कूटरपेक्षा रुंद असते. दुचाकींच्या दाट रांगेत ती शिरत नाही. शिरली, तरी दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की कुबड्या घेऊन तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणजे मोटारीच्या वाहनतळावर एक निळी पाटी लावून कर्तव्य संपत नाही. दुचाकींच्या वाहनतळावरही तशीच रुंद, फाटकाजवळची जागा असावयास हवी.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी समान संधी आणि हक्कांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याची जागा ‘दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६’ या कायद्याने घेतली आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम ४१ मध्ये बस थांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ येथे दिव्यांगांसाठी वाहन उभे करण्याची जागा, स्वच्छतागृहे आणि तिकीट खिडक्या ठरावीक मानकांनुसार उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य शासनावर सोपवले आहे. वाहनांमध्ये योग्य तो बदल करून घेण्यासाठी योजना आखाव्यात, असेही त्याच कलमात म्हटले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर महत्त्वाचा निर्णय दिला. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे हे मूळ कायद्याच्या विरुद्ध आहे, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. थोडक्यात, ही जागा कोणाच्या दयेने मिळालेली नाही. ती हक्काने मिळालेली आहे. दया करणारा माणूस कंटाळला की हात आखडता घेऊ शकतो. हक्काच्या बाबतीत तसे करता येत नाही.

येथपर्यंतचा भाग तुलनेने सोपा आहे. धडधाकट माणसाने ती जागा अडवू नये, हे तत्त्वतः सर्वांना मान्य होते. खरी अडचण पुढे येते. एखादी व्यक्ती त्या जागेत गाडी लावते, उतरते आणि चालू लागते. तिच्या हातात काठी नाही, पायात कॅलिपर नाही. पाहणाऱ्याला वाटते, ही तर चांगली धट्टीकट्टी दिसते. हिने ही जागा का घ्यावी? मग टोमणे सुरू होतात, कधी सुरक्षारक्षकाला बोलावले जाते, कधी चार माणसे भोवती जमतात.

या शंकेचे उत्तर तांबरमच्याच एका जुन्या संस्थेजवळ उभे राहिले म्हणजे सापडते. १९२८ मध्ये डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. आज तेथे छातीच्या विकारांवरील मोठे शासकीय रुग्णालय आहे आणि जवळच्या उपनगरी स्थानकाचे नावही ‘तांबरम सॅनेटोरियम’ असेच आहे. क्षयरोग बरा झाला, तरी फुप्फुसांवरील व्रण राहू शकतात. अशा माणसाचे हातपाय शाबूत दिसतात. तो चार पावले आपल्यासारखीच टाकतो. परंतु शंभर पावलांनंतर त्याला धाप लागते आणि खांबाला टेकून उभे राहावे लागते. हृदयविकार, संधिवात, मज्जासंस्थेचे काही आजार यांतही असेच घडते. पहिली दहा पावले पाहून निर्णय देणाऱ्याला पुढची नव्वद पावले दिसत नाहीत.

कायद्यातील यादी आणि माणसाची गरज या दोन गोष्टीही नेहमी जुळतात असे नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल अशा बाहेरून न दिसणाऱ्या आजारांचा त्यांत समावेश झाला, ही मोठी सुधारणा होय. तरीही फुप्फुसांच्या जुन्या विकाराचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही. उलट, कर्णबधिर व्यक्ती यादीत आहे. परंतु तिला चालण्यास काही अडचण नसेल, तर प्रवेशद्वाराजवळच्या रुंद जागेची गरज तिला भासणार नाही. तिला अन्य सोयी हव्यात, त्या मिळाल्याच पाहिजेत. म्हणून या जागेपुरता निकष असा असावा, असे मला वाटते: ज्या व्यक्तीला लांब चालता येत नाही, किंवा वाहनातून उतरण्यासाठी अधिक रुंदी लागते, ती व्यक्ती त्या वेळी त्या वाहनात असेल, तर जागा तिची. यात प्रमाणपत्राची टक्केवारी दुय्यम ठरते आणि चेहऱ्यावर किती दुःख दिसते हे तर पूर्णपणे गैरलागू ठरते.

हा विचार आपल्याला अगदी नवा नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांमधील राखीव डब्याचे उदाहरण पाहा. तो डबा ‘अपंगांचा डबा’ म्हणून ओळखला जात असला, तरी कर्करोगाच्या रुग्णांना आणि गर्भवती स्त्रियांनाही त्यात प्रवास करण्याची मुभा देण्यात आली. यादीपेक्षा गरज महत्त्वाची आहे, हे तेथे मान्य झाले. त्याच वेळी पात्रता नसताना त्या डब्यात शिरणाऱ्यावर रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १५५ खाली कारवाई होऊ शकते. अधिकार विस्तारला आणि नियमही राखला गेला. या डब्यातही “तुम्हाला काय झाले आहे?” असा प्रश्न अनोळखी माणसाने विचारण्याचे प्रसंग येतात. केमोथेरपी घेऊन परतणाऱ्या माणसाने रोज नव्या सहप्रवाशासमोर आपला आजार उघड करावा, ही अपेक्षा क्रूर आहे.

मग लबाडी करणाऱ्याला कोणी रोखावयाचे? हा प्रश्न रास्त आहे. घरातील दिव्यांग व्यक्तीच्या नावाने घेतलेली मोटार घेऊन तिच्याशिवाय फिरणारे आणि राखीव जागा वापरणारे नातेवाईक असतात. खोटी प्रमाणपत्रे मिळवणारेही असतात. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये दिव्यांगांसाठीचे लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु ती देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. वाटेने जाणाऱ्याचा नाही. तिऱ्हाइताने न्यायाधीश व्हावयाचे ठरवले, तर काय होते याचे भयंकर उदाहरण अमेरिकेत घडले. जुलै २०१८ मध्ये फ्लोरिडा राज्यातील क्लिअरवॉटर येथे एका दुकानाबाहेर राखीव जागेत परवान्याशिवाय एक मोटार उभी होती. एका माणसाने मोटारीतील स्त्रीला जाब विचारला. शब्दाने शब्द वाढला. दुकानातून बाहेर आलेल्या तिच्या जोडीदाराने त्या माणसाला ढकलून पाडले, आणि पडलेल्या माणसाने पिस्तूल काढून गोळी झाडली. तो जोडीदार मरण पावला. गोळी झाडणाऱ्याला २०१९ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. परवान्याशिवाय ती जागा घेणे ही चूकच होती. परंतु त्या चुकीची किंमत एक जीव इतकी असू शकत नाही.

ब्रिटनमध्ये या अडचणीवर काढलेला उपाय विचारात घेण्यासारखा आहे. तेथे ‘ब्लू बॅज’ नावाचे पत्रक दिले जाते. ते वाहनाला नव्हे, व्यक्तीला दिलेले असते. ती ज्या वाहनातून प्रवास करील, त्याच्या काचेमागे ते ठेवले जाते. व्यक्ती सोबत नसताना कोणी ते वापरले, तर दंड होतो. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या व्याधी असलेल्यांनाही ते मिळू लागले. या व्यवस्थेचा मुख्य लाभ असा, की आजाराची तपासणी एकदाच, कार्यालयात, जाणकार व्यक्तीसमोर होते. वाहनतळावर कोणालाही आपली कहाणी सांगावी लागत नाही. आपल्याकडे यूडीआयडी हे ओळखपत्र दिले जाते. परंतु ते खिशात असते, काचेवर नसते. त्याच्या आधारे काचेवर लावण्याजोगे साधे पत्रक महानगरपालिका किंवा परिवहन कार्यालयाने दिले, आणि डॉक्टरच्या शिफारशीवरून पाय मोडलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला काही महिन्यांपुरते तसेच पत्रक दिले, तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत.

या सर्व विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. ज्या देशात बहुसंख्य दिव्यांगांना बसमध्येही चढता येत नाही, तेथे वाहनतळावरील जागेची चर्चा म्हणजे मोटारवाल्यांचे लाड नव्हेत काय? आक्षेपात तथ्य आहे. उतार नसलेला पदपथ आणि उंच पायऱ्यांची बस यांचा प्रश्न अधिक मोठा आहे. परंतु ज्याला बसमध्ये चढता येत नाही, तोच कर्ज काढून किंवा शासकीय मदतीने स्कूटर मिळवतो, हे विसरता कामा नये. त्याचे वाहन ही चैन नसून त्याचे पाय आहेत. शिवाय ज्याच्याकडे कोणतेच वाहन नाही, तो रिक्षातून येतो, आणि त्यालाही प्रवेशद्वाराजवळ निवांतपणे उतरण्यासाठी जागा हवी असते. राखीव जागेशेजारीच अशी उतरण्याची जागा ठेवली, तर गरीब दिव्यांगालाही तिचा उपयोग होईल. एक सोय मागितल्याने दुसरीची मागणी मागे पडते, असे मानण्याचे कारण नाही.

तांबरमसारख्या स्थानकावर हे सर्व प्रत्यक्षात आणणे फार खर्चाचे नाही. दुचाकी व मोटार या दोन्ही वाहनतळांवर रुंद जागा आखाव्यात. तेथून फलाटापर्यंत पायरी नसलेली वाट असावी. पाटी तमिळ, इंग्रजी आणि चित्र अशा तिन्ही रूपांत असावी. आणि जागा अडवणाऱ्याचा दंड वाहनतळ चालवणाऱ्या कंत्राटदारालाही लागू व्हावा. जागा मोकळी ठेवण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्यावर असली, म्हणजे तिच्यावर कोणाची तरी नजर राहते.

सामान्य नागरिकाचे काम याहून सोपे आहे. आपल्याला गरज नसेल, तर त्या जागेत गाडी लावू नये, एका मिनिटासाठीही. दुसऱ्या कोणी लावली आणि शंका आली, तर त्या माणसाशी हुज्जत न घालता तेथील कर्मचाऱ्याला सांगावे आणि पुढे जावे. तो माणूस खोटा असेल, तर कर्मचारी पाहून घेईल. खरा असेल, तर आपण त्याचा अपमान करण्यापासून वाचलो. अपघात, आजार आणि वार्धक्य हे कोणाला विचारून येत नाहीत. आज जो धावत गाडी पकडतो, त्यालाही कधीतरी तीस मीटरचे अंतर मोठे वाटू शकते. तेव्हा आपल्यासाठी ती जागा मोकळी असावी, असे वाटत असेल, तर आज ती दुसऱ्यासाठी मोकळी राहू दिली पाहिजे.